वाचक विचारतात: वसंतदादा पाटील, ऐकलेलं आणि घडलेलं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की राज्याच्या कुठल्याही जुन्या मुख्यमंत्र्याबद्दल काय विचारायचं असेल ते बिनधास्त विचारा. तर निम्म्याच्या वर पत्रं आणि मेसेज एकट्या वसंतदादांवरच आले. सांगली-साताऱ्याकडून येणार हे धरलेलंच होतं पण लातूर-नागपूरहूनही आले. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत, आणि दोघातिघांनी शिव्याच घातल्यात, त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा उचललाय.

प्रश्न: आमचे आजोबा सांगायचे की दादांनी जेल फोडला, कृष्णेत उडी टाकली, गोळी लागली तरी पोहत निसटले. मला हे पिक्चरसारखं वाटतं. खरं किती? (कॉलेज विद्यार्थी, मिरज)

जेल फोडला हे शंभर टक्के खरं आहे. तारीख २४ जुलै १९४३, आणि सांगलीत अजूनही त्या दिवशी आठवण काढतात. फक्त शेवट तुमच्या आजोबांनी थोडा गोड केलाय.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, गाव सांगलीजवळचं पद्माळे. आईवडील अगदी लहानपणीच गेले आणि आजीनं वाढवलं. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि शेजारचा तासगाव भाग इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात, त्यामुळे एका हद्दीत काम करायचं आणि दुसऱ्या हद्दीत लपायचं हे या भागातल्या पोरांना चांगलं जमायचं, त्याच दिवसांत तिकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. दादा पकडले गेले आणि सांगलीच्या तुरुंगात टाकले गेले. तिथून साथीदारांसह पहारेकऱ्यांना चकवून तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि सगळे नदीच्या दिशेनं पळाले. मागून पोलीस, गोळीबार. त्यात अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते जखमी अवस्थेत परत पकडले गेले. म्हणजे निसटले वगैरे काही नाही. तेरा वर्षांची शिक्षा झाली, सुटका १९४६ मध्ये झाली.

गोष्ट रंगवून सांगायला माझी हरकत नाही पण सांगताना पत्रावळे आणि जाधव ही दोन नावं गळतात, ती गळू देऊ नका एवढंच.

प्रश्न: स्वतः चौथी पास असलेल्या माणसानं इंजिनिअरिंग कॉलेजांची दारं उघडली की शिक्षणाचा बाजार मांडला? एकदा काय ते स्पष्ट लिहा. (निवृत्त प्राध्यापक, लातूर. याच आशयाची आणखी बरीच पत्रं)

सर, चौथी म्हणणारे आहेत तसे सातवी म्हणणारेही आहेत, आपण ते सोडून देऊ. फार शाळा झाली नव्हती हे सगळेच मान्य करतात आणि दादाही ते लपवत नव्हते.

आता १९८३ चं. अंतुले मुख्यमंत्रीपदावरून गेले, बाबासाहेब भोसल्यांचं एक वर्ष झालं आणि फेब्रुवारी ८३ ला दादा दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. त्यावेळी राज्यात इंजिनिअरिंगला जायचं म्हणजे पर्याय किती होते बघा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावती, नागपूर, अजून थोडी इकडची तिकडची. जागा एवढ्याशा आणि बारावी सायन्सची पोरं ढीगभर. ज्याच्या बापाकडे पैसा तो पोराला कर्नाटकात पाठवायचा, तिथे खासगी कॉलेजं आधीपासून होती आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी वरचं डोनेशन, घ्यायची. सांगली-कोल्हापूर तर बॉर्डरलाच, त्यामुळे उसाचं बिल जमा झालं की ते पोराच्या अॅडमिशनला पलीकडे जायचं हे दादांना कुणी आकडेवारी काढून सांगायची गरज नव्हती, रोज भेटायला येणाऱ्या माणसांकडूनच कळत होतं.

त्यावर त्यांचा हिशोब सरळ होता. सरकारी तिजोरीत नवीन कॉलेजं काढायला पैसा नाही, आणि पालक तर पैसे द्यायला तयार आहेत, मग ते आपल्याच राज्यात देऊ देत. सरकारचं अनुदान मागायचं नाही, इमारत-लॅब-पगार सगळं संस्थेनं बघायचं, परवानगी आम्ही देतो. झालं, विनाअनुदानित हा शब्द घराघरात पोचला. एकट्या १९८३ सालात पुण्यात एमआयटी, व्हीआयटी आणि भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग, इस्लामपूरला आरआयटी, लोणीला प्रवरा अशी रांग लागली, पुढच्या वर्षी कराडला कृष्णा आणि लोणीला प्रवराचं मेडिकल.

जरा या गावांची नावं बघा. इस्लामपूर, लोणी, कराड. ही कारखान्यांची गावं आहेत. पडून असलेली जागा, हाताशी असलेलं भांडवल, मुंबईत फाइल हलवू शकणारा माणूस हे तिन्ही ज्याच्याकडे होतं तो म्हणजे साखर कारखाना चालवणारा किंवा शिक्षण संस्था चालवणारा पुढारी. म्हणून परवानग्या बऱ्याचशा राजकारणातल्याच लोकांकडे गेल्या, आणि साखरसम्राटांच्या जोडीला शिक्षणसम्राट असा नवीन माल आला. याला कुणाला योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

मग बाजार मांडला का? माझं मत विचाराल तर परवानगी देणं बरोबर होतं, पण परवानगी दिली त्याच दिवशी फी किती घ्यायची, डोनेशन घेतलं तर काय कारवाई, मास्तर किती आणि कुठल्या पात्रतेचे पाहिजेत हे कडक ठरायला हवं होतं, ते झालं नाही. कॅपिटेशन फी बंदीचा कायदा राज्यात आला १९८७ ला, म्हणजे चार वर्षं मोकळं रान. दादा तर ८५ लाच मुख्यमंत्रीपदावरून गेले होते, त्यामुळे पुढच्या ढिलाईचं बिल त्यांच्या एकट्याच्या नावावर फाडू नका. कायदा आल्यावरही डोनेशन बंद झालं नाही, टेबलाच्या वरून होतं ते टेबलाखालून सुरू झालं. मग १९९३ चा सुप्रीम कोर्टाचा उन्नीकृष्णन निकाल, फ्री सीट आणि पेमेंट सीट, म्हणजे काही जागा सरकारी फीत आणि काही जादा फीत, ते ज्यांनी भोगलंय त्यांना आठवत असेलच. पुढे २००२ ला टीएमए पै निकालात तीही स्कीम गेली आणि नंतर फी ठरवायला समित्या आल्या.

दुसऱ्या बाजूचंही लिहायला पाहिजे. नव्वदीच्या शेवटी पुण्यात आयटी वाढलं तेव्हा कंपन्यांना लागणारी पोरं याच कॉलेजांतून मिळाली, त्यात घरातला पहिलाच ग्रॅज्युएट असलेले कितीतरी. आणि मुलींचं तर फारच, बेळगाव-मणिपालला पोरगी एकटी पाठवायची नाही म्हणणाऱ्या घरांनी तालुक्याच्या कॉलेजला घातली. हा फायदा दादांनी आधीच ओळखला होता असा माझा दावा नाही पण झाला हे खरं. नंतर कॉलेजं एवढी झाली की जागा रिकाम्या राहायला लागल्या, तो वेगळाच विषय, त्यावर परत कधीतरी.

प्रश्न: माझे वडील सरकारी नोकरीत होते, ५४ दिवसांच्या संपात होते. आमच्या घरात दादांचं नाव कधी चांगल्या अर्थानं निघालं नाही. तुमच्या लेखांत त्यांच्याबद्दल कौतुकच जास्त असतं. (शिक्षिका, सातारा)

ताई, राग योग्य आहे. डिसेंबर १९७७ ला राज्य सरकारी कर्मचारी, शिक्षक वगैरेंचा संप सुरू झाला, मागणी केंद्राच्या दरानं महागाई भत्ता मिळावा ही. दादा तेव्हा पहिल्यांदा मुख्यमंत्री होते, एप्रिल-मे ७७ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या जागी आलेले. संप ५४ दिवस चालला आणि सरकार नमलं नाही. दोन महिने पगार नाही म्हणजे क्लार्क-मास्तरांच्या घरात काय झालं असेल हे तुम्ही मला सांगायला पाहिजे. शेवटी केंद्राच्या दरानं भत्ता दिला तो पुढच्या शरद पवार सरकारनं.

माझ्या मते दादांचं मोजमाप कायम शेतकऱ्याच्या बाजूनं असायचं. कुणब्याला ना पगार ना भत्ता आणि ज्याला दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते तोच भांडतोय, असं गावाकडे तेव्हा उघड बोललं जायचं, आजही बोलतात. पण मुख्यमंत्री झाल्यावर कर्मचारी पण आपलाच माणूस असतो, आणि तिथे दादा कमी पडले. कौतुकाचं म्हणाल तर मान्य, आमच्याकडे लिहिणारे बरेचसे त्याच पट्ट्यातले आहेत.

प्रश्न: पवारसाहेबांनी दादांच्या पाठीत खंजीर खुपसला म्हणतात ते नक्की काय प्रकरण? टीव्हीवर दर निवडणुकीला ऐकतो पण कुणी नीट सांगत नाही. (वय २६, नागपूर)

नीट सांगायचं तर आधीचं गणित बघावं लागतं, ते टीव्हीवाले कधीच दाखवत नाहीत.

आणीबाणी संपली, १९७७ ला केंद्रात इंदिराबाई हरल्या आणि काँग्रेस फुटली. महाराष्ट्रात फेब्रुवारी १९७८ ला विधानसभा झाली. २८८ पैकी जनता पक्ष ९९, ब्रह्मानंद रेड्डींची काँग्रेस (रेड्डी काँग्रेस) ६९, इंदिरा काँग्रेस ६२. दादा, यशवंतराव, शरद पवार हे सगळे रेड्डी काँग्रेसमध्ये. निवडणुकीत एकमेकांना ओरबाडलेल्या दोन काँग्रेस निकालानंतर जनता पक्षाला बाहेर ठेवायला एकत्र आल्या, दादा मुख्यमंत्री आणि इंदिरा गटाचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. राज्याला उपमुख्यमंत्री हे पद पहिल्यांदा तेव्हाच मिळालं. पहिल्या दिवसापासून खटके. तिरपुडे उघडउघड यशवंतरावांवर टीका करायचे आणि ती यशवंतरावांना मानणाऱ्यांना झोंबायची, आणि त्यात सगळ्यात पुढचे पवार.

जुलैत अधिवेशन चालू असताना पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके, दत्ता मेघे बाहेर पडले, सोबत आमदारांचा गट. सरकार कोसळलं आणि १८ जुलै १९७८ ला पवारांनी शपथ घेतली, वयाची अडतीस वर्षंही पूर्ण नव्हती. जनता पक्ष, शेकाप वगैरे मिळून पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल. ते सरकार इंदिरा गांधी परत आल्यावर फेब्रुवारी ८० मध्ये बरखास्त झालं.

आता खंजीर की नाही? ज्या मुख्यमंत्र्याच्या मंत्रिमंडळात आपण आहोत त्यालाच पाडणं याला गावाकडे जो शब्द आहे तोच लोकांनी वापरला, यात नवल काय. पवारांच्या बाजूचे म्हणतात की ते सरकार असंही टिकणार नव्हतं, आणि तेही खोटं नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मला पुढचा भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. पवार ८६ च्या शेवटी औरंगाबादला राजीव गांधींच्या समोर काँग्रेसमध्ये परत आले, आणि स्वतः पवारांनीच नंतर भाषणात सांगितलंय की नेतृत्व कुणाकडे द्यायचं हा विषय निघाला तेव्हा दादांनीच त्यांचं नाव पुढे केलं. आजच्या राजकारणात पाडलेला माणूस पाडणाऱ्याचं नाव सुचवेल? मला तरी पटकन दुसरं उदाहरण आठवत नाही.

प्रश्न: दादा-बापू वाद म्हणजे काय? आमच्याकडे अजून त्यावर मतदान होतं म्हणे. (शिराळा)

शिराळ्याच्या माणसानं हे मला विचारावं म्हणजे मजाच आहे. पण बाकीच्यांसाठी लिहितो.

बापू म्हणजे राजारामबापू पाटील, वाळवा तालुक्यातले, जयंत पाटलांचे वडील. दादा आणि बापू दोघेही काँग्रेसचे, दोघेही सहकारातले, एकाच जिल्ह्यातले. दोन तगडे पुढारी एका जिल्ह्यात म्हणजे कुरबुर असणारच, पण पेटलं ते वारणेच्या धरणावरून. धरण खुजगावला बांधायचं की चांदोलीला? यावर दादा आणि बापू आमनेसामने. खुजगावला पाणी जास्त साठेल आणि दुष्काळी भागाला देता येईल असं एक म्हणणं, तर त्यानं किती गावं आणि किती चांगली जमीन बुडेल हे दुसरं. शेवटी चांदोलीला झालं, ३४.४० टीएमसीचं, आणि जलाशयाचं नाव वसंतसागर. बापू पुढे काँग्रेस सोडून जनता पक्षात गेले आणि १९८४ च्या जानेवारीत वारले. दादा ८९ ला.

माणसं गेली तरी गट राहिले, कारण गट म्हणजे कारखाना, बँक, दूध संघ, सोसायट्या, तिथे नोकरीला असलेली माणसं, ती एवढ्यात संपत नाहीत. मला एवढंच म्हणायचंय की या भांडणाचं मूळ निदान पाण्यात होतं, नुसत्या खुर्चीत नव्हतं. आताच्या भांडणांचं मूळ शोधायला गेलं की बरेचदा टेंडर सापडतं.

प्रश्न: दादांना सहकारमहर्षी म्हणतात. मग त्यांचा स्वतःचा कारखाना दुसऱ्याला चालवायला का द्यावा लागला? (ऊस उत्पादक, तासगाव)

टोचणारा प्रश्न आहे पण उत्तर द्यायला पाहिजे.

प्रवरेचा विठ्ठलराव विख्यांचा कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला आणि ते बघून जिथे तिथे शेतकऱ्यांना वाटायला लागलं की आपलाही हवा. सांगलीचा दादांनी उभा केला. कल्पना अशी की शेतकरी शेअर घेणार, सरकार त्यात भागभांडवल घालणार, सरकारच्या हमीवर वित्तसंस्था कर्ज देणार, ऊस सभासदाचा, नफा सभासदाचा, एकर कितीही असले तरी मत एकच. दादांची खरी ताकद इथे होती. गावोगाव फिरून माणसाला शेअरचे पैसे काढायला लावणं, बघायला गेलं तर तेव्हा त्या कारखान्याची एक वीटही नव्हती, नुसत्या शब्दावर लोकांनी पैसे दिले. नंतर जिल्ह्याबाहेरच्या कितीतरी कारखान्यांना त्यांनी हात दिला. १९६७ चं पद्मभूषण याच कामाचं. मांजरीची डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट, १९७५ ला निघालेली, तिला ८९ नंतर त्यांचं नाव दिलं, तीच आपण व्हीएसआय म्हणतो.

मग बिघडलं कुठे? एका ओळीत सांगता येणार नाही, पण पॅटर्न राज्यभर सारखाच आहे. गाळपाला लागतो त्यापेक्षा जास्त नोकरभरती, कारण प्रत्येक नोकरी म्हणजे निवडणुकीत एक घर. कर्जावर कर्ज. आजूबाजूला नवे कारखाने, ऊस पळवापळवी. वार्षिक सभेत प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवायचं. सांगलीचा कारखाना थकीत कर्जापोटी जिल्हा बँकेच्या ताब्यात गेला आणि पुढे खासगी कंपनीला भाड्यानं चालवायला दिला गेला. तुम्ही सभासद असाल तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. दादांचा दोष यात किती? त्यांच्या हयातीनंतर बरंच झालं, पण कारखाना एका घराभोवती फिरायला लागतो ती सवय त्यांच्याच पिढीनं लावली, ते नाकारता येत नाही.

प्रश्न: १९८५ ला बहुमत असताना राजीनामा का दिला? (ठाणे)

मार्च ८५ ला काँग्रेसनं निवडणूक जिंकली होती. राजीव गांधींनी प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांना नेमलं आणि ते दादांना मानवलं नाही, मला विचारायचंही नाही का हा मुद्दा. जूनच्या सुरुवातीला बाजूला झाले, त्यांच्या जागी निलंगेकर मुख्यमंत्री झाले. दादांना राजस्थानचं राज्यपालपद मिळालं, तिथेही ८७ ला मुदत संपायच्या आधीच सोडून परत. ज्या माणसाच्या दारात पहाटेपासून गर्दी असायची त्याला राजभवनात करमणार कसं.

प्रश्न: २०२४ ला विशाल पाटील अपक्ष निवडून आले ते दादांच्या पुण्याईवर ना? (सांगली, तीन पत्रं)

थोडं आहे, सगळं नाही. पुण्याईच पुरली असती तर २०१४ ला दादांचे एक नातू प्रतीक पाटील आणि २०१९ ला दुसरे नातू, स्वतः विशाल पाटील हरले नसते, नाव तेव्हाही हेच होतं. २०२४ ला आघाडीत सांगलीची जागा ठाकरे गटाला गेली, पैलवान चंद्रहार पाटलांना तिकीट मिळालं, आणि काँग्रेसच्या कार्यकर्त्याला वाटलं की आपल्याला विचारलंच नाही. त्यात दहा वर्षं खासदार असलेल्या भाजपच्या संजयकाका पाटलांवरची नाराजी. दादांचं नाव या सगळ्याला एकत्र बांधायला कामाला आलं. पुढच्या वेळी लोक म्हैसाळ योजनेचं पाणी दुष्काळी जतला किती आलं ते विचारतील, आणि तिथे आजोबांचं नाव सांगून भागणार नाही.